चवथीला कबड्डीची मॅच कशी बघायची (पूर्वी बघायचो तशी)

सगळ्यात आधी आरतीची वेळ ठरवून घ्या. बाकीचं सगळं नंतर जमतं, पण आठची मॅच आणि आठची आरती असं झालं की घरात दोन पार्ट्या पडतात आणि मग दोन्हीकडे कुणाचं लक्ष नसतं, हे मी अनुभवाने सांगतेय. आमच्याकडे गोव्यात डिचोलीला पाच दिवसांचा गणपती, आणि टीव्ही त्याच वसरीत, माटोळीपासून (गणपतीवर फळं-पानं टांगतात ती) चार हातांवर. 2014 ला प्रो कबड्डी पहिल्यांदा आली तेव्हा चवथ 29 ऑगस्टला होती आणि फायनल 31 ला, रविवारी. सगळं खानदान घरात. काका म्हणाला आरती साडेसातलाच उरकूया, आजी म्हणाली देवाला घाई नसते, शेवटी 'घालीन लोटांगण' इतक्या स्पीडमध्ये झालं की भटजी असते तर रागावले असते. पण आठला सगळे जागेवर होते, तीस-बत्तीस माणसं, ओल्या छत्र्या दारात, आणि यू मुंबा विरुद्ध जयपूर. आमचे सगळे मुंबाच्या बाजूने (कॅप्टन अनुप कुमारमुळे), आणि जयपूर 35-24 ने जिंकलं. तरी ती रात्र अजून निघते घरात.

तर तशी रात्र परत करायची असेल तर कशी करायची, हे लिहितेय, कारण गेली दोन-तीन वर्षं मी ती करतेय आणि आधी दोनदा पार फसलीय. पहिल्यांदा फसली कारण मी नुसता टीव्ही लावला आणि सगळ्यांना या म्हटलं. आले, बसले, पंधरा मिनिटांत प्रत्येकाच्या हातात मोबाईल. क्रिकेट तसं बघता येतं, अर्धं लक्ष देऊन, ओव्हर संपली की मान वर. कबड्डी तशी बघताच येत नाही, 30 सेकंदांत सगळं होतं आणि चुकलं की चुकलं.

माणसं किती हवीत? कमीत कमी सात, मी गमतीने नाही म्हणत. त्याचं कारण पुढे येईल. त्यात एक तरी म्हातारं माणूस हवं ज्याने हुतूतू खेळलंय, आणि दोन-तीन पोरं हवीत ज्यांना काही माहीत नाही. सगळेच जाणकार असले तर नुसती भांडणं होतात, सगळेच नवखे असले तर कुणी ओरडतच नाही.

मॅच कुठली लावायची यावर जरा वेळ घालवा. लाइव्ह असेल तर उत्तमच. मधे काही वर्षं सीझन सरकत सरकत ऑक्टोबर-डिसेंबरला गेला होता म्हणून चवथीला काही मिळायचं नाही, पण 2025 ला चवथ 27 ऑगस्टला आणि सीझन सुरू 29 ला, म्हणजे परत जमून आलं. पण पहिल्यांदाच करताय तर माझं ऐका, लाइव्हने सुरुवात करू नका. लाइव्ह मॅच कंटाळवाणी निघाली तर पोरं परत येत नाहीत. जुनी लावा, हायलाइट्स यूट्यूबवर भरपूर आहेत, निकाल कुणाला आठवत नसतो आणि ज्याला आठवतो त्याला गप्प बसायला सांगा.

माझी पहिली पसंती 2016 च्या वर्ल्ड कपची फायनल, अहमदाबाद, भारत-इराण. हाफटाइमला भारत 13-18 ने मागे. पोरांना वाटतं कबड्डीत भारत म्हणजे जिंकणारच, त्यांना हे मागे पडलेलं बघू द्या, तिथे खोली शांत होते. मग दुसऱ्या हाफमध्ये अजय ठाकूर, आणि 38-29. त्याच वर्ल्ड कपच्या पहिल्याच मॅचमध्ये कोरियाने आपल्याला 34-32 ने हरवलेलं, ते आधी सांगून ठेवा म्हणजे भीती खरी वाटते. दुसरी, 2023 ची हांगझोऊ एशियाडची बायकांची फायनल, चायनीज तैपेई विरुद्ध, 26-25. एका पॉइंटने गोल्ड. ही लावली तेव्हा माझी वहिनी, जी एरवी स्वयंपाकघरातून बाहेर येत नाही, ती झारा हातात घेऊन शेवटची पाच मिनिटं दारात उभी होती. त्याच दिवशीची पुरुषांची फायनल मात्र फार नंतर दाखवा. तिथे शेवटच्या दोनेक मिनिटांत लॉबीच्या नियमावरून असा घोळ झाला की खेळ तासभर बंद, पॉइंट कधी याला कधी त्याला, नवीन माणसाला वाटेल हा काय खेळ आहे की ग्रामसभा.

(पोरांना नुसता चमत्कार बघायचा असेल तर 2017 ची परदीप नरवालची ती एका चढाईत 8 पॉइंटवाली क्लिप. पण ती शेवटी, जेवणानंतरच्या बडीशेपेसारखी. आधी दाखवली तर नंतर सगळंच फिकं वाटतं.)

आता बसण्याची व्यवस्था, इथेच खरी गंमत आहे. सोफे भिंतीला सरकवा. चटया अंथरा. टीव्हीच्या खाली जी रेघ येते ती मध्यरेषा धरा. पुरुषांच्या मैदानात मध्यरेषेपासून मागच्या रेषेपर्यंत साडेसहा मीटर असतात, घर जुनं असेल तर वसरीत तेवढी लांबी सहज मिळते. रुंदी 10 मीटर, ती नाही मिळणार, सोडून द्या. आता खडूने दोन रेघा मारा, मध्यरेषेपासून पावणेचार मीटरवर निदान रेषा (चढाईवाल्याने निदान एवढी तरी ओलांडायचीच) आणि तिच्या पुढे बरोबर एक मीटरवर बोनस रेषा (ही ओलांडली तर जादा पॉइंट). टेप नसेल तर दोन फुटी फरशा मोजा, सहा फरशा आणि थोडं वर झालं की निदान रेषा आली. शहाबादी किंवा शेणाने सारवलेली जमीन असेल तर सुतळी ताणा.

एवढा खटाटोप कशाला, असं माझ्या नवऱ्याने पण विचारलं होतं. अरे पण टीव्हीवर ते मैदान केवढं मोठं दिसतं माहितीय? कॅमेरा वरून, लाइटिंग, निळी-केशरी मॅट, वाटतं केवढी जागा आहे पळायला. खडूची रेघ मारली आणि पोराला म्हटलं जा, बोनस रेषा ओलांड, एक पाय पलीकडे आणि दुसरा हवेत, की त्याला एकदम कळतं की तिथे तो जवळजवळ मागच्या भिंतीला टेकलाय आणि परत यायला पावणेपाच मीटर आहेत आणि मधे सात माणसं. माझा भाचा, इयत्ता सहावी, फुटबॉलचा वेडा, तो रेघेवर उभा राहून एवढंच म्हणाला, "मावशी, हो गेलो तर परत कसो येता?" तिथून पुढे त्याने मोबाईल मागितला नाही.

मग सात जणांना साखळीसारखं बसवा. टीव्हीकडे तोंड करून अर्धगोलात, दोन टोकांना दोन कोपरे, त्यांच्या शेजारचे, मग कव्हर, मधे एक. प्रत्येकाने मॅचभर आपल्याच जागेच्या खेळाडूवर लक्ष ठेवायचं, चढाई करणाऱ्यावर नाही. सात माणसं का हवीत ते कळलं ना आता. आणि एक संघ ठरवून घ्यायचा, ज्याची पकड आपण बघणार. आजीला आम्ही डावा कोपरा देतो कारण ती भिंतीला टेकून बसते आणि तिथून तिला हलवणं शक्य नाही.

खरं म्हणजे डावा कोपरा माझा. शाळेत मी डाव्या कोपऱ्यावर खेळायचे, इंटरस्कूलला, लाल मातीत, गुडघे फुटलेले, आणि स्कर्टच्या आत हाफ पँट, तेव्हा ट्रॅक सूट कुठला. म्हणून माझं मत एकांगी असेल, पण मी म्हणते कबड्डी बघायची तर कोपऱ्याकडे बघायची. कॅमेरा चढाईवाल्याच्या मागे असतो, कॉमेंट्री त्याची असते, पैसे त्याला जास्त. पण कोपऱ्यावरचा माणूस काय करतो बघा, तो गुडघ्यात वाकलेला असतो, हात सैल, आणि नजर समोरच्याच्या तोंडावर नसतेच, पायावर असते. समोरचा बोनससाठी पाय टाकतो त्या क्षणी त्याचं सगळं वजन दुसऱ्या पायावर आलेलं असतं, आणि त्याच पायाचा घोटा पकडायचा. अर्धा सेकंद लवकर गेलात तर तो दिसतो आणि हात मारून जातो, अर्धा सेकंद उशीर झाला तर गेलाच. इराणचा फजल अत्राचली, यू मुंबाकडून पण खेळला, त्याला या कामात तोड नाही. 2016 ची फायनल बघताना मला दर वेळी अडचण होते, देश एका बाजूला आणि डावा कोपरा दुसऱ्या बाजूला. घरात कुणाला सांगत नाही.

नियम किती सांगायचे? कमी. मी आधी अर्धा तास नियम सांगायचे, दुसऱ्यांदा फसली ती त्यामुळे. आता तीनच सांगते. शिवून परत आला तर जितके शिवले तितके पॉइंट आणि तितके बाहेर. धरला तर एक पॉइंट समोरच्यांना आणि हा बाहेर. सगळे बाहेर गेले तर लोण, दोन पॉइंट जादा आणि सगळे परत आत. बस. बाकीचं मॅचमध्ये जेव्हा येईल तेव्हा. बोनस सहा किंवा सात जण आत असतील तरच मिळतो, हे पोरं स्वतः विचारतात, "आता का नाही दिला?" म्हणून, तेव्हा सांगायचं. तीन किंवा कमी उरले असताना धरला तर एकाऐवजी दोन, हे पण तसंच. लॉबीचं मात्र आधी एकदा सांगून टाका, दोन्ही बाजूंच्या त्या मीटरभराच्या पट्ट्या झटापट झाल्याशिवाय कामाच्या नाहीत, त्याआधी तिथे पाय पडला की बाद, नाहीतर कुणीतरी ओरडतं 'आउट झालो तो आउट झालो' आणि एक चढाई वाया जाते.

आता तिसऱ्या चढाईबद्दल. दोन चढाया रिकाम्या गेल्या की तिसरीत काहीतरी आणलंच पाहिजे, नाहीतर तो स्वतःच बाद. टीव्हीवर याला 'डू ऑर डाय' म्हणतात. आमच्याकडे याला 'गॅस संपलो' म्हणतात, कारण पहिल्याच वर्षी अशा चढाईच्या वेळी खरोखरच आत सिलेंडर संपला आणि खतखतं अर्धवट राहिलं. तुमच्या घरचं तुमचं नाव पडेल, पाडू द्या.

आणि आता सगळ्यात महत्त्वाची गोष्ट, आवाज बंद करायचा. पूर्ण मॅच नाही, दुसऱ्या हाफमधली दहा मिनिटं. म्यूट करा, आणि जो चढाईला जाईल त्याच्यासाठी घरातल्या एकाने मोठ्याने कबड्डी कबड्डी म्हणायचं, एका दमात, तो परत येईपर्यंत.

हे मला आजोबांमुळे सुचलं. ते 2014 ला होते अजून, आणि सगळी फायनल त्यांनी एकच तक्रार केली, "हाचो दम खंय?" ह्याचा दम कुठाय. त्यांच्या वेळी हुतूतू म्हणजे दम, श्वास संपला की चढाई संपली, आणि पलीकडच्यांनी दाबून धरला की श्वास सुटेपर्यंत सोडायचा नाही. घड्याळ नव्हतंच, प्रत्येकाचं घड्याळ त्याच्या छातीत. आता 30 सेकंद ठरलेले. म्हणजे दमाचा नियम गेला नाहीये, अजूनही कबड्डी कबड्डी म्हणत राहावंच लागतं, पण टीव्हीवर ते ऐकू येत नाही, म्युझिक, कॉमेंट्री, लोकांचा गोंगाट, त्या सगळ्याखाली ते दबून जातं. आपण 2014 नंतर जी कबड्डी बघितली ती जवळजवळ दमाशिवायचीच बघितली.

तर म्यूट करून बघा. 30 सेकंद एका श्वासात म्हणणं जमतं का पण बघा. माझं वीस-बावीसच्या पुढे जात नाही. भाच्याचं बारा. काका, सिगरेट सोडून चार वर्षं झालेली, त्याने एकदा पूर्ण 30 काढले आणि नंतर पाच मिनिटं सोप्यावर बसून होता, पण तोंडावर जो आनंद होता तो मुलीच्या लग्नात पण नव्हता. आणि मजा अशी की एक जण म्हणायला लागला की बाकीचे आपोआप श्वास धरतात. कुणी सांगत नाही. तो मध्यरेषेला हात लावतो आणि सगळी खोली एकदम सुटते. 2014 च्या त्या रात्री हेच होत होतं, तेव्हा आम्हाला कळलं नव्हतं एवढंच.

आजीला म्यूट आवडत नाही, तिला आवाज लागतो. पण आवाज नसला तरी ती स्वतःच कॉमेंट्री करते, "धर रे, पांय धर ताचो! सोडलो! मेल्या, सोडलो!" ही कॉमेंट्री कुठल्याच चॅनेलवर मिळणार नाही. म्हातारी माणसं नियम चुकीचे सांगतील, सांगू द्या. त्यांच्या वेळचे बरोबरच होते ते. त्यांना दुरुस्त करायला गेलात तर ती गप्प होतात आणि तुमची अर्धी मॅच तिथेच संपली.

खाण्याचं थोडक्यात. तेलकट काही मॅच चालू असताना नको, हात पुसायला उठतात आणि साखळी मोडते. हाफ वीस मिनिटांचा, घड्याळ थांबत-सुरू होत तो लांबतो, मधला ब्रेक पाच मिनिटांचा, तेवढ्यात चहा होत नाही, म्हणून चहा आधी थर्मासमध्ये. नेवऱ्या चालतात, कोरड्या असतात, फक्त डबा एकाच्या मांडीवर ठेवू नका, फिरता ठेवा. पातोळ्या मॅचनंतर.

पाऊस धरून चला. चवथीला पाऊस असतोच आणि जोराची सर आली की डिश नेमकी शेवटच्या तीन मिनिटांना जाते, स्क्रीनवर ती निळी पाटी. म्हणून जुनी मॅच डाउनलोड करून ठेवलेली बरी, आणि लाइव्ह असेल तर एकाच्या मोबाईलवर बॅकअप. लाइट गेली तर इन्व्हर्टर टीव्ही ओढतो का ते आदल्या दिवशी बघा, त्या दिवशी नाही. आमची एकदा अशीच गेली, स्कोअर 29-28, आणि उरलेली मॅच काकाने मेणबत्तीच्या उजेडात मोबाईलवरून वाचून दाखवली, रेडिओसारखी, आणि निम्मी तरी त्याने मनची घातली असणार.

बाहेरगावच्यांना व्हिडिओ कॉलवर घेणार असाल तर वेळ बघा. माझा चुलतभाऊ स्विंडनला असतो, पोर्तुगीज पासपोर्टवाला, तिथे अर्धं गोवाच आहे म्हणा. ऑगस्टमध्ये आपले आठ म्हणजे त्याचे दुपारचे साडेतीन. त्याने एक ऐकवलेलं, त्याच्या वेअरहाऊसमधला एक पन्नाशीचा गोरा सहकारी, त्याला हा इंडियन कळल्यावर त्याने पहिलं काय विचारलं असेल, क्रिकेट नाही, कबड्डी! म्हणे लहानपणी वीकेंडला सकाळी टीव्हीवर बघायचो. मला वाटलं थापा मारतोय, पण खरंच, नव्वदीच्या सुरुवातीला तिकडे चॅनेल फोरवर कबड्डी दाखवायचे. गंमत बघा, 1990 ला बीजिंगला कबड्डी पहिल्यांदा एशियाडमध्ये पदकासाठी आली, आपण गोल्ड आणलं, आणि मला त्याचं आठवतं ते बातम्यांमधलं मिनिटभर, तेही अँटेना फिरवत फिरवत. त्याच सुमाराला तिकडे इंग्लंडची पोरं नाश्ता करत पूर्ण मॅच बघत होती. जरा जळफळाट झालाच. आता तो भाऊ कॉलवर असतो तेव्हा दमाच्या वेळी त्याचा नंबर शेवटी लावतो, आवाज दोन सेकंद मागे येतो आणि चढाईवाला परत आल्यावर पण याचं कबड्डी कबड्डी चालूच असतं.

बायकांच्या मॅचेस मुद्दाम लावा, हे मी सोडणार नाही. 2016 ला प्रो कबड्डीबरोबर बायकांची तीन टीमची छोटी स्पर्धा केली होती, फायनल स्टॉर्म क्वीन्सने एका पॉइंटने मारली, 24-23, तेजस्विनी बाई कॅप्टन. मी ऑफिसातून धावत घरी आले होते त्या दिवसांत. मग ते परत झालंच नाही. आमच्या शाळेच्या टीममधल्या दोघी अजून डिचोलीतच आहेत, एकीचं ब्लाउज शिवायचं दुकान आहे, दुसरी अंगणवाडीत. त्यांना मी बोलावते दर वर्षी, आणि त्या आल्या की कोपरे आम्हाला द्यावे लागतात, मग आजीलाच काय, कुणालाच मिळत नाहीत.

मॅच संपल्यावर टीव्ही लगेच बंद करा, नाहीतर एक्स्पर्टांची चर्चा लागते आणि सगळे पांगतात. बंद केला की पाच मिनिटांत कुणीतरी त्या खडूच्या रेघेवर उभं राहतंच. फक्त समई आणि माटोळीचा कोपरा आधी अडवून ठेवा, खुर्च्या आडव्या टाका, पोरांच्या हातात नारळ लागला तर आजी पुढच्या वर्षी परवानगी देणार नाही. आणि रेघा ओल्या फडक्याने त्याच रात्री पुसा. मी एकदा आळस केला, सकाळी भटजी पूजेला आले, बोनस रेषेकडे बघत राहिले, आणि म्हणाले, "काल कोण जिंकलं?"